ठकीच्या बोटीतून

शुक्रवार, बारा तारीख
सकाळचा चहा झाल्यावर

चिरंजीव थोरल्या,

आशीर्वाद. सुखरूप पोचले. गाडीत शेजारची बाई वाटभर सुनेला नावं ठेवत होती, त्यामुळे वेळ बरा गेला. अक्षर वाकडं आहे. चौथीनंतर त्याला वळण लावायला कुणी आलं नाही, तेव्हा गोड मानून घे.

आधी इथलं सांगते. तलाव म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसेल तर शपथ. हातातून काचेचं ताट निसटून फुटावं आणि तुकडे पसरावेत, तशी बेटं. एका बेटावर कुणा उमरावाचा महाल आहे. एवढ्या खोल्या बघून माझ्या मनात पहिलं काय आलं, तर केर कोण काढत असेल? खुर्च्यांना दोऱ्या बांधल्यात, कुणी टेकू नये म्हणून. दाखवणाऱ्याला म्हटलं, "बसू द्यायचं नव्हतं तर केल्या कशाला?" तो म्हणतो, "आजी, मालकसुद्धा बसत नसत." मेला, जिभेने माझ्याच वळणाचा.

मग गुहा. पाण्यातूनच आत जायचं, आणि तोंड इतकं बुटकं की सगळ्यांनी बोटीत आडवं व्हायचं. एक साहेब अडून बसले. कपडे मळतील म्हणे. बोट चालवणारीने इंजिन बंद केलं. "तुम्ही बसा. तुम्ही बसलात तोवर बोटही बसली. मला घाई नाही." आवाज चढवला नाही की कपाळाला आठी नाही. बाकीच्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेब पोत्यासारखे पसरले. मग मला म्हणाली, "आजी, तूसुद्धा." मी झाले आडवी. या वयात मला आडवी हो म्हणणारी ती पहिलीच. ती स्वतः उताणी पडून, छताला हात लावत लावत, सगळी बोट आत घेऊन गेली. कुणाला ओरखडा नाही.

ती म्हणजे तुझी ठकी. लोकांना तू सांगतोस, मुलगी ऑफिसात आहे. आहे की. छप्पर नाही आणि हलतं, एवढंच.

बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "ही तुमची कोण?" मी धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नात!" घसा अजून बसलाय.

तिची खोली लहान, पण लखलखीत. खिळ्यावर ओलं जाकीट, खिडकीत एकच कप. माझ्यासाठी दुसरा शेजारून आणला. काल संध्याकाळी चहा पिताना पोरीने विचारलंच, "आजी, तुला बाबांनी पाठवलं ना? ते बरे आहेत?"

तू स्टेशनवर दोनदा घोकून घेतलेलं वाक्य जिभेवर होतं. बाबांच्या छातीत दुखतं, डॉक्टर म्हणाले मुलीला बोलवून घ्या. ते ऐकून ती त्याच पावली निघाली असती, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. घरी येऊन पुन्हा तुझ्या दुकानात बसली असती. मी कपात बघितलं. मग म्हटलं, "तुझ्या बापाला धाड भरलेली नाही. परवाच नळावरून शेजाऱ्याशी तासभर भांडला, आणि जिंकला."

हसली. मग म्हणाली, "मग आले का नाहीत?"

थोरल्या, याचं उत्तर तू मला घोकून दिलं नव्हतंस. मी बोलायला कधी अडले नाही, तुझ्या सासूला विचार. काल अडले.

म्हणून तुलाच विचारते. पोरगी इथे येऊन दोन वर्षं झाली, का आला नाहीस? उत्तर पत्रात नको. मला नको आणि तिलाही नको. मी सोमवारी निघणार होते, आता निघत नाही. न्यायला ये. दुखण्याचं सोंग मी करणार नाही, ते तुझ्या घरचं. मी ठणठणीत आहे, दोन वेळ जेवते. तरी ये.

तिची आजी
(तुझी आई, पण ते आता दुसरं)