चाळीस डबे, महू छावणी

३ जुलै
महू छावणीतून चाळीस डब्यांची ऑर्डर. पुरी-भाजी, श्रीखंड. फोन बाबांनी घेतला. पलीकडे कोणी कॅप्टन. बाबा उभं राहूनच बोलले. रिटायर होऊन तीस वर्षं झाली, सुभेदारी काही उतरत नाही. उद्या अकराला गाडी येणार. भाड्याच्या दुकानाचं डिपॉझिट खात्यात जमलंच आहे, या ऑर्डरचे पैसे गॅसच्या भट्टीला.

४ जुलै
पहाटेपासून पुऱ्या. गाडी नाही. साडेअकराला मेसेज : खातं रिकामं. डिपॉझिट गेलं.
मी कढईपाशी असताना कॅप्टनने बाबांना कोड पाठवला. "फौज का पेमेंट ऐसे ही आता है. स्कॅन करो, पिन डालो." बाबांनी टाकला. तो 'नहीं आया' म्हणाल्यावर पुन्हा टाकला.
पैसे घ्यायला पिन लागत नाही हो, बाबा.
"साहेबांचा हुकूम होता, बेटा."
सायबर हेल्पलाइनला लगेच कळवलं. तक्रार नं. मिळाला. पुऱ्या शेजारी वाटल्या.

५ जुलै
बँकेतला पोरगा नम्र होता. "आंटीजी, पिन तो आपके घर से ही डला है ना." तरी अर्ज द्या म्हणाला. खातं दोघांचं, सही दोघांची. बाबा करत नाहीत. "फौजीच्या खिलाफ? मी?"
कुठला फौजी, चोर तो! फार बोलले मी. बाबा जेवले नाहीत. वाईट वाटलं, पण माफी नाही मागितली.

७ जुलै
बाबा न सांगता बसने महूला. कोट, मेडलं, सगळं. गेटवरच्या जवानाने खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "दादाजी, इस नाम का कोई नहीं. आप जैसे बहुत आते हैं."
घरी येऊन गुपचूप सही केली. वाकडी आली.

११ जुलै
अर्ज परत. बाबांची सही जुळत नाही. पुन्हा करून घेतली, ती त्याहून वाकडी.
दुकान मालकाने दुसऱ्याला दिलं.

१६ जुलै
तक्रार बंद झाल्याचा मेसेज. कारण तेच, पिन.
दुपारी फोन. कर्नलसाहेबांच्या ऑफिसातून म्हणे. नकली कॅप्टन पकडला, पैसे परत मिळतील. बाबा पुन्हा ताठ उभे. मग फोन माझ्यापुढे धरला, "नवा पिन विचारतायत."
माझे हात पिठाचे. कळत होतं सगळं, तरी क्षणभर थांबले. मग फोन कापला.
बाबा उभेच. म्हणाले, "आणि खरा असता तर?"