नसलेल्या पालिकेच्या हद्दीत

मी, सुप्रभा आर्वो निस्कला, माहेरची मेश्राम, वय ६६, मूळची नागपूरची, हल्ली राहणार स्टॅनमोर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाचंही दडपण नसताना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पाय ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला पायांशी कर्तव्य नाही.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझे यजमान आर्वो यांच्या अस्थी फिनलंडमधल्या रोवानिएमी ग्रामीण पालिकेच्या हद्दीत पुराव्यात, असं लिहिलं होतं. ती पालिका यंदा एक जानेवारीला रोवानिएमी शहरात विलीन झाली. नसलेल्या ठिकाणाचं नाव राहिलं तर पुढे घोळ होईल, असं वकील देवयानी म्हणाल्या. म्हणून हा खटाटोप.

१. घर मुलगा हरीश याला. खुशाल विकावं. त्याआधी मागच्या अंगणातला, आर्वोनं स्वतः बांधलेला सॉना तापवून एकदा आत बसावं.

२. बँकेतली शिल्लक अर्धी हरीशला, अर्धी नागपूरला आमच्या विहारातल्या वाचनालयाला.

३. आर्वोची कुऱ्हाड शेजारी परीक्षित यांना. सॉनाचा धूर बघून त्यांनी फायर ब्रिगेड बोलावली होती. आता जरा लाकडं फोडून बघावीत.

४. नणंद आइली हिला काही नाही. ती शहरात राहते, आणि पालिका बुडाली तेव्हा फोनवर म्हणाली की बरं झालं, आता कारभार एकच. आर्वोची पालिका मेदूवड्यासारखी होती, मधलं भोक म्हणजे शहर. १९२९ साली मधलं गाव वेगळं निघालं, आणि अखेर भोकानं वडा खाल्ला. १९४४ मध्ये जर्मन फौजा मागे हटताना मुलूख जाळत गेल्या. सहा वर्षांचा आर्वो आईबरोबर, गाय हाकत, स्वीडनला गेला. परत आले तेव्हा घराचं फक्त धुराडं उभं होतं. गावकऱ्यांनी ओंडके ओढून आणले आणि त्याच धुराड्याभोवती घर बांधून दिलं. ते आइली विसरली असेल, आर्वो विसरला नाही. जाताना मला एवढंच म्हणाला, "मला शहरात पुरू नकोस, सुप्रभा."

मी शब्द दिला. पण दोनदा तिकीट काढून दोनदा रद्द केलं. मन धजावलं नाही. अस्थी कधी हॉलमध्ये ठेवते, कधी किचनमध्ये, कधी वर माझ्या खोलीत. त्याची जागा मला ठरवता येत नाही, आणि आता तर सगळंच शहर झालं. फार वाईट वाटतं.

५. म्हणून शेवटचं. माझ्या आणि आर्वोच्या अस्थी एकत्र, त्याच्या गावी, नदीकाठी, सासूबाईंच्या शेजारी पुराव्यात. विधी नको. हरीशनं जमेल तसं त्रिशरण म्हणावं. दगडावर दोघांची नावं आणि खाली गाव, तालुका लिहितात तसं "रोवानिएमी ग्रामीण पालिका" लिहावं. कोणी हरकत घेतली तर हे कलम दाखवावं.

हे हरीशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पण आई, तो जागा आता एक्झिस्टच नाही करत."

"तेव्हा मीही नसेन," मी म्हटलं.

मग उठून त्यानं बाबांना किचनमधून वर, माझ्या खोलीत नेऊन ठेवलं.

सही : सुप्रभा निस्कला

साक्षीदार : सुचेता वासनिक, एजवेअर, आणि राजेंद्र ढोके, स्टॅनमोर. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, चहा तेवढा मिळाला.

दिनांक : ११ मार्च २००६

ठिकाण : स्टॅनमोर, कलम ५ अमलात येईपर्यंत.