मशीनसकट

बोटीवरून,
११ मार्च, दुपार

ताईस,

धाकटीचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. मी बरी आहे, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. अक्षर आज नागमोडी दिसेल. तो दोष वयाचा नाही, समुद्राचा आहे.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर आपण दोघी तब्येत आणि हवापाणी एवढं बोलून दीड मिनिटात मोकळ्या होतो. आज माझं तेवढ्यात भागायचं नाही.

तर मी आठवड्याच्या समुद्रसफरीवर आले आहे. एकटी. चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावलं आणि निघाले. लेकाने तीनदा विचारलं, "आई, या वयात, ते मशीन घेऊन?" मी म्हटलं, "मशीन आहे म्हणूनच जातेय."

मशीनचं तुला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा नंबर काढता काढता मला झोप लागली. तो बिचारा "हे दिसतंय, हे नाही दिसत" म्हणत राहिला आणि मी ढिम्म. मग डॉक्टरांनी अंगभर तारा लावून माझी झोप तपासली. झोपेत माझा श्वास तासाला चौतीस वेळा थांबतो. त्यावर हे सीपॅप: डब्याएवढं यंत्र, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. पहिले चार दिवस सोंड लावल्यासारखं वाटलं. मग स्वतःलाच दटावलं, की आयुष्यभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवून "होईल सवय" म्हणत आलीस, आता तुझी पाळी.

बंदरावर सामान तपासताना त्यांनी मशीन सोडलं, पण माझा एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतला. आगीच्या भीतीने बोटीवर बाहेरचे बोर्ड चालत नाहीत म्हणे. केबिनमध्ये येऊन बघते तर पलंगापाशी प्लगच नाही. एकुलता एक होता तो समोरच्या भिंतीत, आरशाखाली. वायर निम्म्या वाटेवरच संपली.

केबिन दोघींत आहे. सोबतीण बसच्या नोकरीतून निवृत्त झालेली कंडक्टरबाई. तिने मशीन बघून विचारलं, "हे काय हो?" मी म्हटलं, "दम्याचं." हे उत्तर मी घरूनच तयार करून आणलं होतं.

संध्याकाळी बोर्ड मागायला खालच्या चौकशीच्या खिडकीवर गेले. मागे वीसेक माणसांची रांग, त्यात कंडक्टरबाईही. खिडकीतला कारकून अगदी गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, उद्या नक्की बघतो. एक रात्र मशीनशिवाय काढता येईल ना?"

"काढेन की" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मभर तेच म्हणत आले. पण तोंडातून भलतंच निघालं, आणि मोठ्याने निघालं.

"नाही काढता येणार. मी झोपेत घोरते आणि घोरता घोरता माझा श्वास बंद पडतो. तासाला चौतीस वेळा. मला आज बोर्ड द्या, नाहीतर पलंग प्लगपाशी हलवून द्या. तोवर मी इथून हलत नाही."

माझे कान तापले, पण पाय हलले नाहीत. मग मागून कंडक्टरबाईचा बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला, "ऐकलंत ना? आता तिला पुढे सरकायला सांगू नका."

तासाभरात बोटीचा वायरमन बोटीचाच बोर्ड घेऊन आला, मशीनमधली हवा ओलसर ठेवणाऱ्या टाकीसाठी डिस्टिल्ड वॉटरची बाटलीही मिळाली. रांगेतला एक गृहस्थ जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "मलाही दिलंय ते. कपाटात पडलंय."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना कंडक्टरबाई म्हणाली, "तुम्ही तर दमा म्हणाला होतात."

"खोटं बोलले."

"कशाला पण?"

तिला म्हटलं, मग सांगते. त्याचं उत्तर आधी तुला द्यायला हवं.

आठ वर्षांपूर्वी तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज सकाळी यायचे आणि सहाच्या बसने परत जायचे. तिसऱ्या दिवशी तू माझा हात धरलास. म्हणालीस, "आजची रात्र राहा ना, भीती वाटते." मी म्हटलं, दुकानाची किल्ली माझ्याकडेच आहे. किल्ली शेजारच्यांकडे होती, ताई.

त्याच्या आदल्या वर्षी तुझ्या लेकीच्या लग्नात आपण सगळ्या बायका एका खोलीत झोपलो होतो. भाऊजींनी दाराबाहेरून माझं घोरणं फोनवर टिपलं आणि सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं. अख्खं लग्नघर हसलं. मीही हसले. तू तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. त्यानंतर मी कुणाच्या घरी झोपले नाही. लेकाच्याही नाही.

तुझ्यावर ढकलत नाही. तू घाबरलेली होतीस आणि मी माझी लाज सांभाळत बसले, हा दोष माझा. त्याची माफी मागते. पण तू हसलीस, तेही माझ्या मनातून गेलेलं नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लिहिल्याशिवाय बोटीवरून उतरायचं नाही असं मी ठरवलं.

पुढच्या महिन्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि रात्रीसाठी बाई ठेवणार आहात, हे तुझ्या लेकीकडून कळलं. त्या बाईला नको म्हणून सांग. मी येतेय, तीन आठवडे. विचारत नाही, कळवतेय. तुझ्याच खोलीत झोपेन, नाकावर मास्क लावून. तुला दचकायला झालं तर दिवा लावून नीट बघून घे. भाऊजींना काय टिपायचं ते टिपू देत. मशीनचा आवाज पंख्याहून कमी आहे, त्यांची निराशा होईल.

तुला मी नको असेन तर तसं म्हणण्याचा हक्क तुला आहे. पण ते पत्राने कळवू नकोस, फोनवरही नको. मी सामान घेऊन दारात उभी राहीन, तेव्हा तोंडावर सांग.

रात्री राहायला येणारी,
तुझी धाकटी