हेडलाइट मंद पडल्याच्या तक्रारीबाबत

चौक, जुना हायवे, गॅरेजमधूनच
मंगळवार, दुपारी जेवणानंतर

तीर्थस्वरूप दाजी,

भिवाजीचा वाकून नमस्कार. (कंबर आठवडाभर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा पूर्ण समजावा.) आपली तब्येत ठणठणीत असेल. अक्काच्या गुडघ्यांना मी धाडलेलं तेल लागू पडलं का ते कळवा. नसेल पडलं तर उरलेलं परत पाठवा, माधवी ते दाराच्या बिजागऱ्यांना घालायचं म्हणते. तुमच्या भिवपुरीच्या शेवग्याला यंदा शेंगा धरल्या असतीलच. इकडे सगळी खुशाली आहे, मी सोडून.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की अक्का स्पीकर लावते आणि मग मला शेजारच्या बाईचाही सल्ला ऐकावा लागतो. (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मागच्या वेळी मी बोलत असताना तुमच्या ओट्यावर कोणीतरी पोहे चाळत होतं आणि चाळण एका बाजूला फाटलेली होती. ती बदलून घ्या.) शिवाय मला आज जे बोलायचं आहे ते तक्रारवजा आहे, आणि ती तक्रार तुमच्याच विरुद्ध आहे. घरच्या जावयाविरुद्ध फोनवर बोलणं बरं दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी रियाची बारावी झाली तेव्हा आमच्या ओटीवर चहा पिताना तुम्हीच म्हणाला होतात, की डॉक्टरकीला मार्क कमी पडले तर काय झालं, पोरीला डोळ्यांचं शिकवा, पांढरा कोट, मानाचं आणि सावलीतलं काम. मी सातवी शिकलेला माणूस, चौदाव्या वर्षापासून हातात पाना धरलेला. तुम्ही शिकलेले, मी ऐकलं. ऑप्टोमेट्री हा शब्द मला पहिलं वर्षभर म्हणता येत नव्हता, म्हणून मी लोकांना पोरगी चष्म्याचं इंजिनियरिंग करते असं सांगायचो. (तिला ते आवडायचं नाही. डोळा तपासणं, नंबर काढणं, आत काही बिघाड दिसला तर मोठ्या डॉक्टरांकडे धाडणं, हे सगळं त्यात येतं म्हणे. कापाकापी तेवढी नाही.) दुसऱ्या वर्षापासून ती सुट्टीला घरी यायची ती आमच्यावर सराव करायलाच. जेवायला वाढायच्या आधी तिच्या आईला, माधवीला, भिंतीवरची अक्षरं वाचावी लागत. घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर तिच्या वहीत मिलिमीटरमध्ये लिहिलेलं आहे. म्हशीची पापणीसुद्धा तिने उलटून पाहिली आहे. एकटा मी सापडत नव्हतो, कारण ती पेटी घेऊन येताना दिसली की मी कुठल्यातरी गाडीखाली शिरायचो. (कंबर धरली ती अशाने.)

आता शेवटचं वर्ष. त्यात एक सर्वे करून द्यायचा असतो. वर्गातल्या बाकीच्या पोरांनी शाळा घेतल्या, सोसायट्या घेतल्या. आमच्या बाईसाहेबांनी घेतले ट्रक ड्रायव्हर. दोनशे ड्रायव्हर, महिनाअखेरपर्यंत, आणि दोनशेला एकही कमी पडला तर मॅडम वही घेणार नाहीत आणि पोरगी सहा महिने मागे पडणार. आणि दोनशे ड्रायव्हर कुठे मिळतात? बापाच्या दारात. गॅरेजच्या शटरवर तिने अक्षरांचा तक्ता टांगला, जमिनीवर सहा मीटर मोजून खडूने रेघ मारली, रेघेवर माझी खुर्ची ठेवली आणि पांढरा कोट घालून ऐन उन्हात उभी राहिली. सावलीतलं काम!

पहिल्याच दिवशी तिने माझा धंदा बुडवायला घेतला. तुम्हाला मोरू माहीत नसेल. रसायनीला टँकर नेतो, वय अठ्ठावन्न, मिशा वर वळवलेल्या. दोन वर्षं त्याची एकच तक्रार, हेडलाइट मंद पडते. मी त्याचे बल्ब बदलले, वायरिंग बदललं, अल्टरनेटर उतरवून बांधून दिला, आणि गेल्या महिन्यात, अगदी खऱ्या मनाने, त्याला हेडलाइटची नवी जोडीच बसवायला लावली होती. रियाने त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाली, "काका, गाडीची लाइट चांगली आहे. तुमची बघून घ्यायला पाहिजे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय." मोरू उठला, मिशीवरून हात फिरवला आणि चांगल्या दहा-अकरा ड्रायव्हरांसमोर मला म्हणाला, "मंग भिवाशेठ, दोन वर्सं तू माज्या टँकरचं काय करत व्हतास रं?"

याला उत्तर असेल तर कळवा.

त्यानंतर रोज तेच. काचेवर धूर बसतो म्हणून आलेला, वायपर पुसत नाही म्हणून आलेला, समोरच्या गाडीच्या लाइटभोवती रिंगण दिसतं म्हणून आलेला (अशांना मी इतकी वर्षं काच रद्दीने पुसायचा सल्ला देत होतो), प्रत्येकाला ती माझ्या हातातून काढून घ्यायची. "पप्पा, आधी माझ्याकडे." आणि दर तिघांत एकाची गाडी चांगली निघायची. गॅरेजवाल्याच्या दृष्टीने गाडी चांगली निघण्यासारखं दुसरं संकट नाही.

तरी मी गप्प होतो, कारण वहीत आकडा वाढत होता. एकशे त्रेसष्टपर्यंत आला, आणि तिथे बंद पडला. कारण मला कळलं ते कानांमुळेच. आमच्या शेजारी इंदूबाईचा ढाबा आहे, मध्ये एक पत्रा. पत्र्यापलीकडून दोघे कुजबुजताना मी ऐकलं, "ती पोरगी आरटीओची हाय रं. नाव लिवते, मोबाइल लिवते. वर धाडलं की लायसन गेलंच." (मोबाइल ती एवढ्यासाठीच घ्यायची, की माणूस पुढे मोठ्या डॉक्टरांकडे गेला की नाही ते विचारता यावं. पण हे कोणाला सांगणार?) दुसऱ्या दिवसापासून गाड्या चौकातून अशा जाऊ लागल्या, जणू इथे पटकी आली आहे. सतरा-सतरा वर्षं माझ्याकडे येणारे लोक हॉर्नसुद्धा न वाजवता पुढे जात. मला तर आवाजावरून गाडी कळते. हा गेला, तो गेला, असं मी आत बसून मोजायचो.

चार दिवस कोणी नाही. पाचव्या दिवशी सकाळी इंदूबाई हातात पळी घेऊन शटरपाशी आली. म्हणाली, "भिवाशेठ, तुज्या पोरीपायी माजं गिऱ्हाईक पळालं. रस्सा आटून बुडाला लागला, खाणार कोन? तू?" आता अशा वेळी आमची रिया खरं तर भांडते. या खेपेला ती रिकाम्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून पेटीतली भिंगं एकेक काढून पुसत राहिली. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. दाजी, सदतीस माणसं कमी होती आणि पाच दिवस उरले होते, आणि चार वर्षं मुंबईच्या त्या खोलीत चौघींत एक पंखा वापरून शिकलेली पोरगी माझ्या दारात अडली होती.

इंदूबाईच्याही ते नजरेत आलं. पळी खाली करून म्हणाली, "ती लोकं भितात गं. तुजा बाप बसला का कदी खुर्चीत? त्यालाच बसव की पैला. शेठचं लायसन ऱ्हायलं तर बाकीच्यांचंबी ऱ्हाईल." एवढं बोलून ती थांबली असती तरी चाललं असतं. ती ढाब्यावर गेली आणि नुसत्या चहापुरत्या टेकलेल्या सात जणांना घेऊन आली. मोरूही होता.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. माझा डावा डोळा वर्षभर दुधाच्या पिशवीतून बघावं तसा झाला आहे. डिझेलचा धूर गेला असेल असं मी मनाशी धरून चाललो होतो. (माझ्या स्वतःच्या पिकअपचे हेडलाइट मी या वर्षात दोनदा बदलले. हे मोरूला कळता कामा नये.) तरीही मी छाती काढून खुर्चीत बसलो, कारण माझी तयारी होती. एकशे त्रेसष्ट माणसांनी तो तक्ता माझ्या कानाशी मोठ्याने वाचलेला होता. वरची ओळ, खालची ओळ, झोपेत विचारली तरी सांगितली असती. उजवा डोळा झाकला आणि शेवटच्या बारक्या ओळीपर्यंत धडधड म्हणून दाखवलं. सातही जण "वा शेठ" म्हणाले.

रियाने तो तिचा उभा दांडा काढला, ज्यातून उजेडाची एक बारीक पट्टी पडते, आणि ती पट्टी माझ्या डोळ्यांवर इकडून तिकडे फिरवायला लागली. मी म्हटलं, विचार काय विचारायचं ते. तर म्हणते, "यात विचारायचं नसतं पप्पा. माणूस काहीही सांगेल. डोळा खोटं बोलत नाही."

दाजी, हे वाक्य माझं आहे! ड्रायव्हर काहीही सांगेल, इंजिन खोटं बोलत नाही, हे मी तीस वर्षं या शटरखाली उभा राहून सांगत आलो. चार वर्षांची फी मी भरली आणि पोरीने शिकून आणलं ते घरचंच.

उजवा झाला. डावा आला, आणि तिचा हात थांबला. तिने श्वास आत घेतला तो मला ऐकू आला, आणि बाहेर सोडला नाही तेही. मग अगदी माझ्यापुरतं, पत्र्यालासुद्धा ऐकू जाणार नाही एवढ्या हळू विचारलं, "कधीपासून?" वही उघडी होती, पेन रकान्यावर टेकलेलं. ती खोटं लिहिणार नाही हे मला माहीत होतं. पण मोठ्याने बोलायचं की नाही, हे तिने माझ्यावर सोडलं होतं. मागे सात जण आणि एक पळी. घारीची नजर म्हणून मी या रस्त्यावर नाव कमावलेला माणूस.

मी म्हटलं, "लिही. डावा डोळा, मोतीबिंदू, एक वर्ष झालं. नाव लिही, मोबाइल लिही, आणि जरा मोठ्याने लिही, या लोकांना ऐकू जाऊ दे."

मोरू हसायला लागला तो पोट धरून माझ्याच टायरवर बसला. "भिवाशेठ, तुजीबी लाइट डिम!" आणि त्यानंतर जे झालं ते मला अजून सहन होत नाही. मोरू सोडून बाकीचे सहाही जण रांगेत उभे राहिले, आपली नजर शेठपेक्षा चांगली आहे हे बघायला. त्यांनी फोन केले. खोपोलीहून गाड्या आल्या, खालापूर फाट्यावरून आल्या. खुर्चीतून उठणारा प्रत्येक जण ओरडून सांगायचा, "शेठपेक्षा बरा!" आणि पुढचा बसायचा. तिसऱ्या दिवशी वहीत दोनशे चौदा झाले. इंदूबाईचा रस्सा दुपारीच संपला.

पण माझी दशा बघा. हेडलाइटचं काम गेलं ते गेलंच. कोणाचं इंजिन ऐकायला वाकलो की मागून आवाज येतो, "शेठ, उजव्या बाजूनं बघा." पिकअपची किल्ली रियाने भिंगांच्या पेटीत कुलूपबंद केली आहे, माझ्याच गाडीत मी शेजारच्या सीटवर बसतो आणि ती दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसने जाते, आणि ते इंजिन कसं रडतं ते या कानांनी ऐकतो. त्यावर कळस म्हणजे पुण्याच्या मोठ्या दुकानातून नोकरीचं बोलावणं आलं तर म्हणते, नको, मी इथेच बसणार, हायवेवर, गॅरेजशेजारी. म्हणजे जन्मभर "पप्पा, आधी माझ्याकडे." तेव्हा दाजी, सल्ला तुमचा होता, तो तुम्हीच परत घ्या. रविवारी या आणि तिला चार शब्द सुनावून पुण्याला धाडा. माझं ती ऐकत नाही, तुम्हाला मानते.

अक्काला नमस्कार. कळावे, एका डोळ्याने लिहिलं आहे, चूकभूल पोटात घालावी.

आपला मेहुणा,
भिवाजी

ता. क. पुण्याचं तिच्याजवळ काढू नका. टायरची खोली मी कालच रिकामी केली, चुना लावायला माणूस आला आहे. शटरवरचा खिळा तक्त्याचं वजन फार दिवस धरणार नाही, म्हणून आपलं केलं, दुसरं काही नाही.

ता. क. दुसरं. पुढच्या बुधवारी पनवेलला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. बरोबर एक माणूस लागतो. माधवी रडेल, आणि रिया शेजारी उभी राहून आता काय करताहेत ते समजावून सांगेल, जे मला ऐकायचं नाही. दहा टनांच्या गाडीखाली मी झोपलो आहे दाजी, पण डोळ्यात थेंब टाकायला बाई जवळ आली की माझे पाय थंड पडतात. तुम्ही चला.

ता. क. शेवटचं, आणि खरं म्हणजे पत्र याच्यासाठी. अक्का परवा सांगत होती, की हॉलमधली ट्यूब तुम्ही तीन महिन्यांत तीनदा बदललीत, आणि करंट कमी सोडतात म्हणून लाइनमनशी भांडलात. एकतीस वर्षं पॉवरहाऊसमध्ये काढलेल्या माणसाने करंटला नावं ठेवावीत याचं तिला आश्चर्य वाटत होतं. मला वाटलं नाही. आता मी खुर्चीत बसलोच आहे, तर तुम्हाला बसायला लाज नको. तेव्हा रविवारी तुम्ही येऊ नका, आम्हीच येतो, रिया पेटी घेऊन. बुधवारी डॉक्टरांना एकाच खेपेत दोघांना बघू दे. आणि हे पत्र तुम्ही या क्षणी खिडकीपाशी नेऊन, हात लांब करून वाचत असाल, तर नाही म्हणायच्या भानगडीत पडू नका. अक्का दारातून बघते आहे.