बिनकाचेची गॅलरी

५ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

ताई, बाजी मारली! ठकूसाठी गॅलरीला तिन्ही बाजूंनी काच बसवली. गार वारा बाहेर, ऊन आत! इतकं नितळ काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, ड जीवनसत्त्व कमी म्हणून तीन वर्षांच्या पोरीचे पाय वाकतायत. थेंब द्या, ऊन द्या. थेंब पाहिले की ती घर डोक्यावर घेते, म्हणून ते बंद केले. आता महिना झाला, रोज तासभर गॅलरीत बसवतो. तरी जिना दिसला की उचलून घ्या म्हणून हात वर करते. तुझ्या एक्स-रेच्या खोलीत अशी मुलं येतात ना? किती दिवस लागतात गं?

तुझा दादू

१२ जानेवारी

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग लगेच लिहायला बसले. अरे शहाण्या, उन्हातल्या ज्या किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काचेतून आत येतच नाहीत! पोर नुसती शेकून निघाली. आणि थेंब बंद करायला कुणी सांगितलं? आजच डॉक्टरांकडे जा, खरं ते सांग. ते सांगतील तेवढेच दे. भरपाई म्हणून जास्त पाजलेस तर तेही बाधेल. धीर सोडू नकोस. असे कितीतरी पाय माझ्या मशीनपुढे वाकडे आले आणि सरळ होऊन गेले. काचा मात्र काढ. जिवावर येईल, ठाऊक आहे.

रागावलेली, तरी तुझीच
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

काचा त्याच दुपारी उतरवल्या. काचवाल्याच्याच घराला काच नाही म्हणून गिऱ्हाइकं हसतात. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. ठकूची आई थेंब पाजते, तेवढा वेळ मी समोर माकडचेष्टा करतो. काल नवा एक्स-रे काढला. हाड भरत आलंय म्हणाले! पाय अजून थोडे वाकडे आहेत, पण होतील म्हणे सरळ.

आता खरी बातमी. आज घराच्या माडीवर, माझ्या कारखान्यात आरसा उचलत होतो, तर मागून बाबा म्हणून हाक आली. वळतो तर दारात ठकू! तेरा पायऱ्या, कठडा धरून, एकटी! आरसा हातातून सुटला, चक्काचूर झाला, आणि ताई, मला रडूच फुटलं. उचलून घ्यायला धावलो, तर बाईसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. चालतच उतरणार म्हणाली.

लोभ आहेच, तुझा रागही असाच असू दे.

तुझा दादू