न उघडलेली फाटकं

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. माझ्या डाव्या कानाने केव्हाच राजीनामा दिलाय आणि उजवा बहुतेक रजेवर असतो. शिवाय अडतीस वर्षं अभिलेख कार्यालयात काढलेल्या माणसाला, कागदावर उतरल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं वाटतच नाही.

चिरंजीवाला जाऊन येत्या नऊ तारखेला चार महिने होतील. रिकामं बसवत नाही, म्हणून मी नावं बदलायचं काम हाती घेतलंय. विजेचं मीटर सूनबाईच्या नावावर झालं, स्कूटर झाली, नळाचंही झालं. यादीत एकच बाब उरली आहे, आणि ती तुझ्या धंद्यातली आहे म्हणून विचारतो.

तो संगणकावरचे खेळ कुठल्याशा दुकानातून घ्यायचा, ते तुला माहीत आहेच. दुकानाला ना दार ना गल्ला, सगळं पडद्यावर. तिथे त्याच्या नावाचं खातं आहे आणि त्यात दोनशेच्या वर खेळ. बाकीच्यांशी मला कर्तव्य नाही. त्यातला एक गाव बांधायचा खेळ आहे, तो खेळ तो आणि खारू, बापलेक मिळून खेळायचे. दुखण्याच्या आठ महिन्यांत त्याने पलंगावर बसून त्या गावाला गल्ल्यांमागून गल्ल्या जोडल्या. प्रत्येक गल्लीला फाटक, आणि दर रविवारी सकाळी एकच फाटक उघडेल अशी सोय. आत काहीतरी बांधलेलं असतं आणि एका पाटीवर खारूसाठी मजकूर असतो. काल तेरावं उघडलं. आत थिएटरएवढं कुत्र्याचं घर होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, की तुझ्या मुख्याध्यापिकाबाई चिडल्या की इथे आणून सोड. पोरगी हसली. तुला खोटं वाटेल, पण आवाज काढून हसली. आठवडाभर ती कुणाशी चार शब्द बोलत नाही. रविवारी मात्र दिवसभर बोलते.

आतल्या टेकडीवरून बघितलं तर पुढे छपरंच छपरं दिसतात. मला चाळीस मोजता आली. तर ते खातं खारूच्या नावावर कसं करायचं, अर्ज कुणाकडे, सोबत काय जोडायचं, ते कळव.

तुझा लोभ माझ्या वयासारखा वाढता राहो.

तुझा
दादा

*

दि. ७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग मुख्याध्यापिकाबाईंवर हसले. गुलाम शेवटपर्यंत गुलामच राहिला.

दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मीटरइतकं सोपं नाही. मी खोक्यातल्या तबकड्या विकणारी बाई, म्हणजे या पडद्यावरच्या दुकानांनी जिचं दुकान अर्धं ओस पाडलं तीच. तेव्हा माझं बोलणं थोडं चाळून घे. पण त्यांच्या चांगल्या गोष्टी मी नाकारत नाही. घरबसल्या खेळ मिळतो, तबकडीवर ओरखडा पडायची भीती नाही, संगणक बिघडला तरी नव्यावर सगळे खेळ परत उतरवता येतात. सवलतीत तर मातीमोल विकतात. नाही आवडला तर थोड्या वेळात परतही घेतात. मी कधी घेतलाय का? ज्याला माझ्या फळीवर कधी जागा मिळाली नसती अशा एकट्यादुकट्याने बनवलेला खेळही तिथे विकला जातो. तुझं गाव तसंच कुणीतरी एकट्याने बनवलेलं आहे.

हे सगळं मला तुझ्या लेकानेच ऐकवलं होतं, माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून आणि माझाच चहा पीत. मी त्याला एवढंच म्हटलं, की बाबा, मी खोकं दिलं की ते तुझं; तू ते मित्राला दे, विक, नाहीतर उशाला घे. ते लोक तुला खेळ विकत नाहीत, खेळायची परवानगी देतात. काहींकडून खेळाची पूर्ण फाइल उतरवून आपल्यापाशी ठेवता येते, पण सगळीकडे नाही. यावर तो म्हणाला, की आत्या, तू फार अटी वाचतेस.

मला धास्ती वाटते ती त्या अटींचीच. ओळखीचा एक वितरक आहे, तो या दुकानांसाठी काम करायचा. त्याला गाठून विचारते. तोवर, दादा, कुणालाही काहीही लिहू नकोस. चौकशीचं साधं पत्रसुद्धा नको. तुझा हात अर्जासाठी शिवशिवतो हे मला ठाऊक आहे. हवं तर नळवाल्यांना अजून एक लिही.

सूनबाईला आणि खारूला माझी आठवण सांग. लोभ आहेच, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुझी
धाकटी

*

दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू लिहिल्याप्रमाणे हात बांधून बसलो आहे. अर्जाचा मसुदा तेवढा करून ठेवला. मसुदा म्हणजे अर्ज नव्हे.

चौदाव्या फाटकाआड वाचनालय निघालं. त्यात एक खुर्ची उंच आणि एक बुटकी. पाटीवर लिहिलं होतं, की उंच खुर्चीवर तू बस, आता पाळी तुझी. त्या दिवशी खारू आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसली आणि शाळेत डबा कुणासोबत खाते ते सांगत राहिली. मला निम्मं ऐकू आलं नाही, पण मान हलवत होतो.

एका गोष्टीने मात्र मन लागत नाही. बुधवारी पडद्यावर सूचना आली, की दुकानाच्या अटी बदलल्या आहेत आणि वीस तारखेच्या आत संमती दिली नाही तर खातं वापरता येणार नाही. खाली चौकट आहे, तिच्यापुढे लिहिलंय, की मी स्वतः या खात्याचा धारक आहे. तिथे खूण करायची. सूनबाईने करायला हात पुढे केला, मी तो धरला. ती म्हणाली, की बाबा, कोण बघतंय. धाकटे, हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय आणि त्याचे परिणामही इतक्यांदा बघितलेत! मेलेल्या माणसाच्या नावाने सही करणं म्हणजे काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको. आणि ते खारूच्या देखत?

आणखी एक. खेळांच्या यादीत परवापर्यंत एक होड्यांचा खेळ होता, तो आज नाही. सूनबाई म्हणते, की ती यादी कधी नीट बघितलीच नव्हती. पण मी बघितली होती.

वितरकाचं काय झालं ते वीस तारखेच्या आत कळव. पत्राची वाट बघतो. तुझा जिव्हाळा आटू देऊ नकोस.

तुझा
दादा

*

दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

आजच्या टपालात तुझं पत्र नाही आणि उद्या मुदत संपते. पोस्टमन गेल्यावर तासभर विचार केला आणि अखेर सरळ मार्गाने गेलो.

खोटी खूण करायची नाही आणि खारूचं गावही जाऊ द्यायचं नाही, तर एकच वाट उरते: खरं सांगायचं. अर्ज स्वच्छ टाइप केला. खातेदार अमुक तारखेस निवर्तले, त्यांच्या पश्चात कन्या एकमेव खेळणारी, तरी खाते तिच्या नावे वर्ग व्हावे. मृत्यूचा दाखला जोडला, त्याच्या नक्कलेवर साक्षांकन करून घेतलं, खारूचा जन्मदाखलाही जोडला. सूनबाई दोनदा म्हणाली, की आत्यांच्या पत्राला थांबू. शेवटी तिनेच ते कागद पडद्यावरून पाठवले, आणि मिनिटाच्या आत पोच आली, क्रमांकासह! आपल्या कार्यालयाने कधी एवढी तत्परता दाखवली असती तर.

तुझं न ऐकल्याबद्दल कान धर, डावा धर. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी व्यवस्थित झालंय असं वाटतंय.

लोभात कसर नसावी.

तुझा
दादा

*

दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वितरक काल रात्रीपर्यंत परगावी होता, आज सकाळी भेटला. म्हणून उशीर. आता नीट वाच.

ती खोटी खूण कर. माझ्या माथी पाप घाल, पण कर. ही खाती हयातीपुरती असतात. मुलाला नाही, बायकोला नाही, मृत्युपत्रात लिहून ठेवलं तरी ती कुणाकडे जात नाहीत. असं त्यांच्या अटींत पांढऱ्यावर काळं लिहिलेलं असतं. कळलं नाही तोवर ते कुणाच्या दारात येऊन विचारत नाहीत. वर्षानुवर्षं घरातली माणसं तीच खाती वापरतात आणि सगळं सुरळीत चालतं. पण माणूस गेल्याचं त्यांना कळवलं, की त्यांचा नाइलाज होतो आणि ते खातं बंद करतात. गाव तुमच्या संगणकात नाही, त्यांच्या यंत्रावर आहे. खात्यासोबत तेही जातं.

मसुदा फाड. आत्ता, हे पत्र हातात असतानाच. सूनबाईला सकाळपासून फोन लावते आहे; ती काम करते त्या प्रयोगशाळेत फोन आत नेऊ देत नाहीत, आणि तो गेल्यापासून ती संध्याकाळीही कुणाचा उचलत नाही. म्हणून जलद टपालाने पाठवते. माझ्या जिवाला घोर लागलाय, दादा. तुला मी ओळखते, म्हणूनच.

दोन ओळींचं उत्तर धाड, की काही केलं नाही.

तुझी
धाकटी

*

दि. २३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. तीनदा वाचलं. माझं तुला एव्हाना मिळालं असेल, तेव्हा जास्त लिहीत नाही.

लगेच दुसरा अर्ज केला, की पहिला अर्ज मागे घेण्यात येत आहे, तो अनावधानाने पाठवला गेला. त्याचीही पोच आली. नवा क्रमांक. फोनची सोय नाही, माणूस म्हणून कुणी नाही.

खातं अजून चालू आहे. चौकशी होईस्तोवर ते तसंच ठेवतात, असं तिथे दिसतं. काल सोळावं फाटक उघडलं. आत पूल होता, पाटीवर पोहायला शीक एवढंच लिहिलं होतं. सूनबाईने खारूला विचारलं, की सगळी फाटकं आजच उघडता येतात का बघू. पोरगी म्हणाली, की बाबाने रविवारी म्हटलंय. तरी आम्ही ती झोपायला गेल्यावर प्रयत्न केला. कुलपं निघत नाहीत, ती तारखेवर आहेत, आणि पुढची तारीख आणायचा परवलीचा शब्द त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. भिंतीवरून आत डोकावायला गेलं तर नुसतं धुकं. त्याने सगळी काळजी घेतली होती, की कुणी घाई करू नये.

सूनबाई माझं ताट वाढून ठेवते आणि आत जाते. बोलली असती तर बरं झालं असतं.

तू येऊ नकोस, तुझ्या येण्याने खारूला संशय येईल. देवावर माझा फारसा विश्वास नव्हता, तरी रविवारपर्यंत तू त्याला साकडं घाल.

तुझा
दादा

*

दि. २ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. भाषा फार सभ्य आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, असं आधी लिहिलंय. पुढे लिहिलंय, की खातं वैयक्तिक असल्याने वर्ग करता येत नाही, आपण कळवल्याप्रमाणे धारक हयात नसल्याने ते बंद केलं आहे, त्यातला मजकूर पुसला असून तो परत मिळणार नाही. मागे घेतलेल्या अर्जाबद्दल लिहिलंय, की एकदा मिळालेली माहिती विचारात न घेणं त्यांना शक्य नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं. अडतीस वर्षं मी हेच लिहिलं. शेवटी पाच चांदण्या आहेत, आमच्या सेवेला किती द्याल म्हणून.

शनिवारभर खारूला काय सांगायचं ते ठरवत होतो. यंत्र बिघडलं म्हणावं, असं सूनबाई म्हणाली. तो गेल्यापासून तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी हो म्हटलं. खोटं बोलायचं ठरवलं, धाकटे, आणि मनापासून ठरवलं.

काल सकाळी नऊ वाजता खारू वेणी घालून येऊन बसली. संगणक चालू केला. गावाच्या जागी ते पत्रच आलं, जे सूनबाईला आलं होतं तेच, आणि पोरीला वाचता येतं. ते तिथेही येईल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिने ते बोट ठेवून ओळ न् ओळ वाचलं. अवघड शब्दांचे अर्थ मला विचारले आणि मी सांगितले. मग तिने विचारलं, की बाबा नाही हे त्यांना कसं कळलं, कुणी सांगितलं.

मी म्हणालो, की मी सांगितलं.

ती रडली नाही. तिने संगणक बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, की सतराव्यात काय होतं. मला माहीत नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, की मग तुम्ही का सांगितलंत. त्यानंतर काल दिवसभर ती बोललेली नाही, रविवार असून. आज सोमवार आहे.

लोभ ठेव म्हणायची आज छाती होत नाही.

तुझा
दादा