कोळंबीची तीन दिवसांची गैरहजेरी

ती. भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग अक्षरशः समजावा. गेला महिनाभर मी तुमच्या त्या काचेच्या टाकीसमोर पालथा पडूनच दगडाखाली डोकावतो आहे.) तुमची प्रकृती, ताईचा गुडघा आणि बदलीच्या गावचं नवं घर, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडे माणसं बरी आहेत. टाकीबद्दल तसं म्हणवत नाही.

जाताना तुम्ही खाऱ्या पाण्याची टाकी माझ्याकडे सोपवलीत, तेव्हा ताईने तुमच्याकडे कसं पाहिलं ते मी पाहिलं. (इस्त्री चालू ठेवून मी लग्नाला निघून गेलो होतो, त्याला नऊ वर्षं झाली. पण बहिणी विसरत नाहीत.) तरी तुम्ही म्हणालात, "सांभाळेल तो." भाऊजी, आमच्या घरात हे वाक्य माझ्याबद्दल पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, म्हणून मी हरखून हो म्हणून बसलो. सोबत तुम्ही वही दिलीत आणि तिच्यात 'वर्तणूक' असा रोज भरायचा रकाना आखलात. इथेच घोळ झाला. एकवीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या माणसाला असा रकाना दिसला की त्याचा हात थांबत नाही. शंखातला खेकडा : नेमून दिलेला शंख सोडून वरच्या दर्जाच्या शंखासाठी खटपट करतो. समुद्रफूल : कामाच्या वेळेत मिटलेले, जेवणाच्या वेळी पूर्ण फुललेले. गोगलगाई : दोन दिवस पाण्याबाहेर काचेला चिकटून, खुलासा मागितला, उत्तर नाही. (खुलासा मीच द्यायला हवा होता. पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं, म्हणून भर साध्या पाण्याची घालावी, हे तुम्ही वहीत दुसऱ्याच पानावर लिहिलं आहे. मी वही लिहिण्यात इतका गुंतलो होतो की वाचायची राहिली, आणि रोज इमानेइतबारे खारं पाणीच ओतत होतो. आता चूक सुधारली आहे. गोगलगाई रुजू झाल्या.) राहिली तुमची लाडकी लाल कोळंबी. माझी चाहूल लागली की दगडामागे. शेरा : वरिष्ठांविषयी आदर नाही.

मंगळवारी सकाळी ती वाळूवर आडवी दिसली. मिशा, पाय सगळं जागच्या जागी, पण रंग उडालेला आणि हालचाल शून्य. बायकोने चिमट्याने ती बाहेर काढली, कागदात गुंडाळली आणि खिडकीतल्या कुंडीत पुरली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून (कारण : घरगुती अडचण) शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. चौकशीला. आणि शुक्रवारी, मी वही उघडून बसलो असताना, कोळंबी दगडामागून चालत आली! दुकानदाराला फोन केला तर तो हसतोय. "अहो साहेब, कात टाकली तिने. नवी कात कडक होईपर्यंत लपून बसतात त्या." म्हणजे आम्ही नुसत्या कातीचे अंत्यसंस्कार केले. हे त्याने मंगळवारीच सांगितलं असतं तर? पण मंगळवारी तो पिशवीचं तोंड बांधण्यात गर्क होता. (कसली पिशवी, ते विचारू नका.)

थोडक्यात, ज्यांना पाठीचा कणाच नाही अशा मंडळींनी माझा कणा मोडला आहे. रविवारी या आणि टाकी घेऊन जा. ताईला नमस्कार.

आपला,
टेकीला आलेला मेहुणा

ता. क. सोबतच्या फोटोत दोन कोळंब्या दिसतील. ते काचेतलं प्रतिबिंब आहे.

ता. क. २. पत्र बायकोने वाचलं. ती म्हणते, प्रतिबिंब दुसऱ्याच दगडावर जाऊन बसत नाही आणि भाऊजी काही खुळे नाहीत. तेव्हा कबूल करतो. मंगळवारी मी हुबेहूब दुसरी कोळंबी आणून टाकीत सोडली, तुम्हाला पत्ता लागू नये म्हणून. तुम्ही ते वाक्य मागे घ्याल याची भीती वाटली. आता लाज वाटते. दोघींतली तुमची कोणती, हे मला सांगता येत नाही. दोघींच्याही पोटाखाली अंडी आहेत.

ता. क. ३. काल पाणी घालताना त्यांतली एक माझ्या हातावर चढली आणि नखं साफ करत बसली. बोटं बधिर झाली तरी मी हात काढला नाही. रविवारी या, जेवायलाच या. पण तेवढी एक माझ्याकडे राहू द्या, तुमची निघाली तरी. कोणती ते ओळखता येत नाही, म्हणून दोघी.